भिवाआबा आणि पिवळे ठिपके

भिवाआबा माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते हे: "ह्यातला मी कुठला?"

नमस्कार नाही, कुणाची तू, कुठनं आलीस, काही नाही. वाडीच्या समाजमंदिरात टेबलावर मी संगणक मांडला होता, पडद्यासमोर पंधरावीस पोरं एकमेकांच्या खांद्यावर लोंबकळत उभी होती, आणि दारातून एक उंच, काटकुळे आजोबा आत आले. धोतर, आणि अंगात सणसवाडीच्या कुठल्याशा कारखान्याचा निळा शर्ट. खिशावर भलत्याच कुणाचं तरी नाव शिवलेलं. पोरं न सांगता बाजूला झाली. आजोबा पडद्यापाशी वाकले आणि नकाशावर इकडून तिकडे सरकणाऱ्या पिवळ्या ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग तो प्रश्न आला.

"आबा, एक ठिपका म्हणजे एक माणूस," मी मास्तरणीच्या थाटात सांगितलं.

"व्हय, त्ये कळलं. म्हणून तर इचारतोय. मी कुठला?"

आता ते मला तरी काय ठाऊक? पण पोरांसमोर अडायचं कसं, म्हणून मी एका ठिपक्यावर बोट टेकवलं. "हे बघा, हे तुम्ही."

आबांनी तो ठिपका नीट पाहिला. "ह्यो तर नदीकडंच्या घरातनं निघालाय. मी लिंबापाशी ऱ्हातो." मग पोरांकडे वळून म्हणाले, "मॅडम थापा मारत्यात रं."

पोरं खिदळली. माझा पारा चढला. त्या दिवशी परत जाताना एसटीत मी मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला काय काय सुनावलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं त्याच म्हाताऱ्यासाठी मी मंगळवारची वाट बघायला लागेन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी शिरूरची. संगणकाचा कोर्स केलेला, लग्नाची घाई घरच्यांना, नोकरीची घाई मला. पुण्यातल्या एका संस्थेनं नदीकाठच्या वस्त्यांसाठी काम काढलं होतं, तिथं चिकटले. कल्पना सोपी होती. वस्तीतली जमीन कुठं उंच, कुठं सखल, हे चौकोन चौकोन करून संगणकात भरायचं. मग वरच्या धरणांतून पाणी सोडलं तर ते कुठून शिरेल, कुणाच्या उंबऱ्याला कधी लागेल आणि तेवढ्या वेळात माणसं उंचावर पोचतील का, हे पडद्यावर चालवून बघायचं. पूर यायच्या आधीच पूर बघून घ्यायचा, आणि काय करायचं ते वस्तीनंच बसून ठरवायचं. प्रोग्रॅम पुण्याच्या सरांनी लिहिलेला. मी आपली माहिती भरणारी हमाल. पण गावात संगणक घेऊन जाणारी हमालसुद्धा मॅडम होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

माझ्या वाट्याला आलेली वस्ती राहूच्या परिसरातली. सगळे तिला खालची वाडी म्हणत. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एसटी, पुढं जे मिळेल ते. बेचाळीस घरं, बहुतेक धनगरांची. बापजाद्यांनी मेंढरं राखली, आताची पिढी ऊस आणि कांदा करणारी. पुढं नदी, एका अंगाला ओढा, आणि पाठीमागं उंच माळ. पूर आला तर माळावर जायचं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. माझा पहिला निकाल झकास होता. घरांना पाणी लागायला तीन तास, माणसं माळावर पोचायला पस्तीस मिनिटं. पाण्यात सापडलेला ठिपका लाल होतो. एकही लाल झाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी मला नारळ दिला.

आबांनी टाळी वाजवली नाही. सगळे पांगल्यावर जवळ येऊन म्हणाले, "ही माणसं कुठली?"

"तुमच्याच वाडीची की."

"न्हाईत. पाणी आलं म्हटल्याबरुबर समदी कशी गपगुमान निघाली. एकानं म्हस सोडली न्हाई, एकजण कोंबड्या झाकाया थांबला न्हाई. आमची माणसं अशी असती, तर माझं केस एवढं पिकलं नसतं."

"अहो आबा, संगणकात म्हशी कशा घालणार?"

"माणसं घातलीस तशाच. म्हस दाव्याला ठिवून आमच्यातली बाई हलायची न्हाई. आन् बाई हलल्याबगर तिचा दादला हलायचा न्हाई. लिव्ह."

मी लिहिलं. तिथून आमचे मंगळवार सुरू झाले. शेरडांना पाणी दाखवून आबा समाजमंदिरात यायचे, खुर्ची नको म्हणून खांबाला पाठ लावून खाली बसायचे आणि मला एकेक गोष्ट भरायला सांगायचे. सखूबाई कोंबड्या डालल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही. वरच्या आळीतले दोघे चुलतभाऊ एकमेकांच्या मागून चालणार नाहीत, कारण मागून चालायचं कुणी यावरच त्यांचं जुंपेल. आणि पूर आला की वाडीतले निम्मे गडी माळाकडे जायचे सोडून आधी नदीकडे पळतील.

"नदीकडे? कशाला?"

"बघाया," आबा म्हणाले. "पाणी किती आलंय त्ये बघितल्याबगर पळायचं म्हंजी बाईमाणसावानी वाटतंय त्यास्नी. आन् बाया तवर निम्म्या वाटंवर ग्येलेल्या असत्यात."

मी पुण्याला फोन करून सरांना सांगितलं, की काही ठिपके पाण्याकडे चालत गेले पाहिजेत, आणि म्हशींना वेगळा रंग हवा. मग सर म्हणाले, "कुठला रंग?" मी म्हटलं, "काळा, आणखी कुठला?" सर भले माणूस होते, त्यांनी करून दिलं. पस्तीस मिनिटांचे दोन तास झाले आणि पडद्यावर नदी बघायला गेलेले ठिपके लाल व्हायला लागले. मला वाटलं, माझं चांगलं चाललेलं काम ह्या म्हाताऱ्यानं मातीत घातलं.

उपायही त्यांनीच सांगितला. तरुणपणी ते दीडशे मेंढरं घेऊन दसऱ्यानंतर घाट उतरायचे, कोकणात चारणीला. "मेंढरू मागनं हाकलंस की फाकतंय. म्होरकं धरायचं. म्होरकं चाललं की बाकीची इचारत न्हाईत कुठं चाललाव." वाडीत अशा सातआठ म्हशी होत्या, ज्यांच्या मागं बाकीची जनावरं जात. निरोप आला की त्या आधी सोडायच्या. नदी बघायला फक्त दोघांनी जायचं, तेही ठरलेल्या. मी हे सगळं भरलं, चालवलं, आणि दोन तासांची पन्नास मिनिटं झाली. मी खुर्चीतून उडालेच. आबांनी फक्त मान हलवली, वासरू नीट उभं राहिलं की हलवतात तशी.

मग एका रविवारी आम्ही खरी तालीम घेतली. सणसवाडीत कामाला असलेली पोरं सुट्टीवर आली होती, त्यात आबांचा मुलगाही होता. आबा मात्र शेरडांचं निमित्त सांगून घरीच राहिले. समाजमंदिरातली घंटा वाजली. म्होरक्या म्हशी निघाल्या, त्यांच्या मागं जनावरं, त्यांच्या मागं बाया, पोरं, म्हातारी माणसं. मी हातात घड्याळ धरून पुढं. लिंबाच्या झाडापर्यंत सगळं नामी. लिंबापासून माळाला जाणारी गाडीवाट सरळ पुढं, तीनशे पावलं चढली की माळ. आणि सगळी वाडी, एकजात सगळी, लिंबापाशी डावीकडे वळली आणि ओढ्याच्या दिशेनं चालू लागली.

"अहो सरळ! सरळ जायचंय!" मी ओरडले.

कुणी मान वर करून बघेल तर शपथ. एक बाई जाताजाता म्हणाली, "चला मॅडम, ऊन व्हतंय." मीही मुकाट मागं गेले. ओढ्याच्या कडेनं खाली, ओढ्यावरची बुटकी फरशी, म्हणजे दगडी साकव, ओलांडून पलीकडं, आणि मग मोठा वळसा घालून माळावर. तास आणि वर चाळीस मिनिटं.

लोक सरबत पीत बसले असताना मी एकटी परत आले आणि लिंबापासून सरळ निघाले. चाळीस पावलांवर वाट संपली. बाभळीच्या काट्यांचं छातीएवढं कुंपण, वर्षानुवर्षं भर घालत जाड केलेलं, त्यावर वेल चढलेले. माझ्या नकाशात तिथं वाट होती, कारण तलाठ्याच्या जुन्या नकाशात ती होती. मी तो नकाशा खुर्चीत बसून उतरवला होता. एवढे महिने वाडीत येत होते, पण त्या वाटेनं एकदाही चालून पाहिलं नव्हतं. शरमेनं माझे कान तापले. आणि वाडीतल्या एकानंही मला सांगितलं नव्हतं, कारण ते कुंपण आबांचं होतं. कुणाच्या घरातलं भांडण बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही, एवढीच त्यांची रीत. कोंबड्यांपर्यंत सगळं भरायला लावणारे आबाही त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते.

मी कुंपण संगणकात भरलं. नदी चढली की तिचं पाणी आधी ओढ्यात उलटं शिरतं, त्यामुळं पहिल्या तासातच फरशी बुडाली. ठिपके फरशीपाशी येऊन थांबायचे, मागून येणारे त्यांच्यावर साचायचे आणि मग लाल व्हायला लागायचे. एकोणचाळीस. मंगळवारी आबा आले तेव्हा मी ते चालू केलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, "शेरडं वाट बघत असत्याल" म्हणाले आणि निघून गेले. पुढचे तीन मंगळवार आबा आले नाहीत.

चौथ्या मंगळवारी मी त्यांच्या घरी गेले. बायको वारलेली, मुलगा-सून सणसवाडीत खोली घेऊन राहिलेले; घरात एकटे आबा आणि चार शेरडं. मला बोलण्यात वळसे घालता येत नाहीत. मी सरळ विचारलं, "आबा, ती वाट का बंद केलीत?"

ते शेरडांना पाला टाकत होते. टाकता टाकताच त्यांनी सांगितलं. माळावर घर होतं ते त्यांच्या धाकट्या भावाचं, धोंडीआप्पांचं. बारा वर्षांपूर्वी आबा पाय मोडून दौंडला दवाखान्यात महिनाभर पडून होते. घरी आले तर मेंढरांचा वाडा मोकळा. धोंडीआप्पांनी दीडशेच्या दीडशे मेंढरं विकून टाकली होती. आता फिरणं बास, एका जागी राहायचं, पोरांना शाळेत घालायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"मग वाईट केलं का त्यांनी?"

"न्हाई," आबा म्हणाले. "बरुबर क्येलं. माझं पोरगं शिकलं, कामाला लागलं, त्ये त्याच्यामुळंच. मीबी त्येच क्येलं असतं."

"मग?"

"मला इचारलं न्हाई."

हातातला पाला तसाच राहिला. "डोळं झाकून एकेक मेंढरू वळखायचो म्या, पोरी. आवाजावरनं. एकदा दवाखान्यात यायचं, आन् दादा इकू का, म्हणून इचारायचं. व्हय म्हणालो असतो म्या." पुढं वाटणी झाली, माळाची वाट आबांच्या हिश्श्यात आली आणि त्यांनी ती बंद केली. धोंडीआप्पांच्या दारात पाय ठेवायचा नाही, अशी शपथही घेतली. बारा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

कुणी शहाणं असतं तर तिथं गप्प बसलं असतं. मी म्हणाले, "आबा, तुमच्या ह्या रागापायी एकोणचाळीस ठिपके लाल होतात."

"ठिपकंच हायत नव्हं?"

मी पिशवीतली वही काढली. प्रत्येक ठिपक्याला नंबर होता आणि नंबरापुढं नाव. मी वाचायला लागले. "सात नंबर, सखूबाई. अकरा नंबर, तुमच्या शेजारची सुनबाई, सातवा महिना चाललाय. बारा, तिची थोरली. एकवीस..."

"बास," आबा म्हणाले. हात वर केला होता. मी वही मिटली आणि चहा न घेता निघाले. एसटीत खिडकीशी बसून रडले. आजोबांच्या वयाच्या माणसाला असं बोलतात का, म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या.

पुढच्या मंगळवारी वाडीत पोचले तर लिंबापाशी घोळका. कुंपण गेलं होतं. आबांनी दोन दिवस एकट्यानं कोयत्यानं काटे तोडून बाजूला ओढले होते, कुणाला हात लावू दिला नव्हता. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. मला बघून म्हणाले, "धोंड्यासाठी न्हाई. म्हशींसाठी क्येलंय, सांगून ठिवतो."

"कशासाठी का असेना, आबा," मी म्हटलं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटत होती, पण आमच्याकडं तशी पद्धत नाही.

"आन् आणिक एक. वाट मोकळी क्येली, पर म्या त्या वाटंनं जाणार न्हाई. वर त्याचं दार हाय."

मी हसण्यावारी नेलं. मग लक्षात आलं, की हा माणूस खरंच बोलतोय. माळावर छप्पर म्हणाल तर एकच, धोंडीआप्पांचं घर आणि त्यांचा गोठा. वाडीनं जमायचं तिथंच. मी विचारलं, "आणि पूर आला तर?"

"माझं घर उंचावर हाय."

नव्हतं. मी मापलं होतं. त्यांचा उंबरा लिंबाच्या बुडापेक्षाही खाली होता, आणि हे त्यांनाही माहीत होतं. मी रागावले, विनवण्या केल्या, सणसवाडीला त्यांच्या मुलाला निरोप धाडला, आबा ढिम्म. पुण्याला अहवाल देताना मी आबांचा ठिपका इतरांबरोबर माळावर पोचवला आणि लाल ठिपके शून्य म्हणून कळवलं. सरांनी शाबासकी दिली. ते खोटं होतं आणि ते मला एकटीला माहीत होतं.

पाणी पुढच्याच पावसाळ्यात आलं. वर घाटात चार दिवस धुवांधार चाललं होतं, धरणं भरली होती. मी आदल्या दिवशीच येऊन सखूबाईकडं राहिले होते. सकाळी दहाच्या सुमाराला तलाठ्याचा निरोप आला, की पहाटेच पाणी सोडलंय आणि आणखी वाढवणार आहेत. घंटा झाली. म्होरक्या म्हशी सुटल्या. ठरलेले दोघंच नदी बघायला गेले. तिसरा एक निघाला होता, त्याला आबांनी अशी काही हाक घातली की तो म्हशीच्या आधी माळावर पोचला असेल. कुंपण होतं त्या जागी आबा चिखलात काठी रोवून उभे होते आणि एकेकाला पुढं घालत होते. "सखू, कोंबड्या ऱ्हाऊ दे, डालग्यासकट उचल! ए, लेकराचा हात सोडू नगंस! चला, म्होरं, म्होरं!"

मी सगळ्यात मागं, वहीतल्या नावांवर खुणा करत. डावीकडं ओढ्याकडं नजर गेली. फरशी दिसतच नव्हती. तिच्यावरून गढूळ पाणी फेसाळत चाललं होतं. पंचावन्न मिनिटांत वाडी रिकामी झाली.

वहीत एका नावापुढं खूण नव्हती. मी वळून पाहिलं तर वाटेवर आबा नव्हते. ते आपल्या ओट्यावर जाऊन बसले होते आणि दावं वळत होते. शेरडं त्यांनी शेजारणीबरोबर आधीच वर धाडली होती.

"आबा, चला."

"तू हो म्होरं."

"अहो, पाणी अंगणात येतंय!"

"दिसतंय मला. समद्यास्नी घातलं न्हवं वर? माझं काम झालं. जा तू, पोरी."

मी ओरडले, रडले, हाताला धरून ओढलं. साठ किलोची मी आणि मूठभर हाडांचा तो म्हातारा, पण हलवता आला नाही. तेव्हा मी धावत वर गेले. माळावर गोंधळ चालला होता. वाडीतली सगळी जनावरं एका अंगणात, बैल एकमेकांना भिडलेले, म्हशी बुजलेल्या, पोरं किंचाळताहेत. मधोमध धोंडीआप्पा उभे. आबांपेक्षा ठेंगणे, अंगानं भरलेले, मऊ बोलणारे गृहस्थ. मी धापा टाकत एवढंच म्हणाले, "आप्पा, आबा येत नाहीत."

त्यांनी मला काही विचारलं नाही. काट्यांनी बारा वर्षं बंद असलेल्या वाटेनं ते खाली चालू लागले. मी मागं. मला वाटलं, आता हे पाया पडतील, चुकलो म्हणतील, आणि आबा त्यांना उभं करणार नाहीत. आबांच्या अंगणाच्या कडेला, पोटरीभर पाण्यात, धोंडीआप्पा थांबले.

"दादा, जनावरं कुठं बांधू?"

दाव्यावरचे आबांचे हात थांबले.

"गोठ्यात मावनात. बैल झोंबायल्यात. खळ्यावर बांधू, का पलीकडं रानात? म्या अजून बांधली न्हाईत." धोंडीआप्पांचा आवाज बसला होता. "तुला इचारल्याबगर बांधायची न्हाईत."

पाऊस पडत होता. पाणी ओट्याच्या पहिल्या पायरीला लागलं होतं. मी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. आबा मान खाली घालून तसेच बसलेले.

"बैल आन् म्हशी एका जागी कोण आणतं?" शेवटी आबा म्हणाले. "अक्कल हाय का तुला?"

"न्हाई," धोंडीआप्पा म्हणाले. "म्हणून तर आलो इचाराया."

आबा उठले. वळलेल्या दाव्यांचा भारा त्यांनी धोंडीआप्पांच्या अंगावर टाकला, "धर" म्हणाले आणि पाण्यातून वाट काढत पुढं झाले. मागं भाऊ, त्याच्या मागं मी, मोठ्यानं हुंदके देत. माझ्याकडं बघायला दोघांनाही सवड नव्हती. बैल खळ्यावर, म्हशी रानाच्या बांधाला, गाभण्या गोठ्यात, असं आबा चालता चालता सांगत होते आणि धोंडीआप्पा "व्हय, व्हय" करत होते.

अर्ध्या तासात माळावर सगळं ठाकठीक झालं. आबा अंगणाच्या कडेला शेवटची गाठ मारत होते. धोंडीआप्पांच्या बायकोनं, कासुर्डीच्या पारूकाकूंनी, चहाचा कप आणून त्यांच्यासमोर धरला. अख्खी वाडी बघत होती. आबांनी कप घेतला, चार पावलं चालून दारातल्या पडवीत गेले, बसले, एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर टाकायची इसरली का गं, पारू?" काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आतून साखरेचा डबा पडल्याचा आवाज आला.

आबांच्या घराच्या दोन भिंती गेल्या, वाडीतली वैरण गेली. माणूस एकही गेलं नाही. पाणी उतरल्यावर धोंडीआप्पांनी पडवीशेजारी एक खोली काढली आणि आबा तिथंच राहिले. दोघं रोज भांडायचे. कांदा कधी काढायचा इथपासून रेडिओ केवढ्यानं लावायचा इथपर्यंत, धोंडीआप्पा आधी विचारायचे आणि आबांनी सांगितलं की त्यावर वाद घालायचे. मी गेले की दोघंही माझ्याकडं एकमेकांची गाऱ्हाणी सांगायचे.

माझं लग्न झालं, नोकरी पुण्यात गेली, फेऱ्या कमी झाल्या. काही वर्षांनी धोंडीआप्पांचा फोन आला, "दादा ग्येला." त्याच्या महिनाभर आधी माझी आणि आबांची शेवटची भेट झाली होती, तीच आता जास्त आठवते. मी मोठ्या उत्साहानं लॅपटॉप घेऊन गेले होते. नव्या प्रोग्रॅममध्ये ठिपके नव्हते, चालणारी माणसं दिसायची, झाडं दिसायची, वाडी ओळखू यायची. पण आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते. पडद्यासमोर हात हलवून त्यांनी मान नकारार्थी हलवली.

"मला दिसत न्हाई. तू चालू कर आन् सांग."

मी चालू केलं. "वरनं पाणी सोडलंय, आबा."

"वढा?"

"फुगलाय. फरशी गेली."

"आन् वाट?"

"मोकळी आहे."

"म्हशी सोडल्या का?"

"सोडल्या. पुढं सखूबाईची आहे."

"माणसं?"

"म्हशींच्या मागं चाललीत. सगळी."

आबांनी पडवीच्या खांबाला डोकं टेकलं. मी म्हटलं, "थांबा, अजून वीस मिनिटं आहेत. शेवट बाकी आहे."

"मग कर की बंद," आबा म्हणाले. "पोचत्याल ती."